हाडातली प्रथिने आणि मृत्यूपासूनचा काळ : कोकणापुरती पार्श्वभूमी

पावसाळ्यात पुळण खचते, वाळूतून मांडीचे हाड वर येते आणि तपास एका प्रश्नावर अडतो : हे जुन्या दफनभूमीतले, की अलीकडचे? वय-लिंग हाडाच्या ठेवणीवरून सांगता येते, मृत्यूचा काळ नाही.

1960च्या दशकात ब्रिटनमध्ये हाडातला नायट्रोजन, अमिनो आम्ले, अतिनील प्रकाशातली निळसर चमक आणि रक्ताच्या अंशाची बेन्झिडिन चाचणी यांची सांगड घालून पन्नास-शंभर वर्षांच्या अलीकडचे की पलीकडचे, एवढे ठरवायचा प्रयत्न झाला. पण हाडातला नायट्रोजन म्हणजे मुख्यतः कोलॅजन, हाडातले सर्वांत मुबलक प्रथिन, आणि ते दमट जमिनीत झपाट्याने नष्ट होते, तर कोरड्या गुहेत शतकानुशतके टिकते. 2010 साली हाडातले सायट्रेट काळाबरोबर घटते असे धरून काळ काढायची पद्धत पुढे आली. नंतरच्या तपासण्यांत तिचाही मेळ बसला नाही.

खरी हालचाल गेल्या दहा-बारा वर्षांतली. मास स्पेक्ट्रोमीटरमुळे, म्हणजे रेणूंचे वस्तुमान मोजणाऱ्या यंत्रामुळे, कोलॅजनखेरीजची प्रथिनेही वेगवेगळी मोजता येऊ लागली. आधी डुकरांच्या आणि मग देहदान केलेल्या माणसांच्या हाडांवर प्रयोग झाले. डुकरांच्या हाडांत हिमोग्लोबिन, ट्रान्स्फरिन यांसारखी रक्तातली प्रथिने काळाबरोबर घटताना दिसली. बायग्लायकॅन या हाडातल्याच प्रथिनात डीअमिडेशन वाढत गेले, म्हणजे अ‍ॅस्परजीन या अमिनो आम्लातला अमाइड गट गळून त्याचे आम्ल होत गेले. फेटुइन-ए हे प्रथिन मात्र मृत्यूच्या काळापेक्षा मृताच्या वयाबद्दल जास्त बोलते. दोन्हींची गल्लत केली की निष्कर्ष फसतो.

कृती अशी : नडगीच्या मधल्या भागाचा बाहेरचा थर खरवडून टाकायचा आणि मंद गतीच्या ड्रिलने 25 ते 50 मिलिग्रॅम भुकटी काढायची. ड्रिल तापले तर प्रथिने तिथेच बिघडतात. 10 टक्के फॉर्मिक आम्लात 4 अंशांवर खनिज विरघळवायचे, उरलेला भाग ग्वानिडीनमध्ये काढायचा, मग ट्रिप्सिन या विकराने प्रथिनांचे छोटे तुकडे, म्हणजे पेप्टाइड, पाडायचे. ट्रिप्सिनचा टप्पा 37 अंशांवर, सौम्य अल्कधर्मी द्रावात चालतो आणि तो रेंगाळला तर डीअमिडेशन नळीतच होते. यंत्राचा प्रश्न वेगळा. डीअमिडेशनने पेप्टाइडचे वस्तुमान 0.984 डाल्टनने (रेणूंच्या वस्तुमानाचे एकक) वाढते, तर कार्बन-13 हा जड कार्बन असलेले साधे पेप्टाइड 1.003ने जड असते. 0.019चा हा फरक न दिसणाऱ्या यंत्रावर काढलेले आकडे अहवालात घालू नयेत.

सगळ्यात मोठा वाद मोजपट्टीचा आहे. काळ दिवसांत मोजायचा, की अंश-दिवसांत, म्हणजे रोजच्या सरासरी तापमानाची बेरीज करून? मऊ ऊतींच्या कुजण्यासाठी अंश-दिवस 2005पासून रुळले आणि तीच सवय हाडांकडे आली. इंग्लंडची वार्षिक सरासरी 10 अंशांच्या आसपास, रत्नागिरीची साधारण 27. अंश-दिवसांच्या हिशेबात तिथली 2.7 वर्षे म्हणजे इथले एक वर्ष. आकडा सोयीचा आहे, म्हणूनच घातक. डीअमिडेशन ही रासायनिक क्रिया आहे, तिचा वेग तापमानाबरोबर सरळ रेषेत वाढत नाही. दर 10 अंशांना वेग दुप्पट धरला तरी 17 अंशांच्या फरकाने तो सव्वातीन पट होतो, तिप्पट धरला तर साडेसहा पट. म्हणजे अंश-दिवसांनी सुधारून घेतलेली परदेशी मोजपट्टीही कोकणातल्या हाडाला खऱ्यापेक्षा जुने ठरवेल, आणि कालच्या खुनाला दफनभूमीत ढकलेल. साध्या दिवसांची पट्टी तर विचारूच नका. हवामान खात्याचा आकडाही हवेचा असतो. उघड्या कातळाचे तापमान वेगळे, आमराईच्या सावलीत दोन हात खोल पुरलेल्या हाडाचे वेगळे.

त्यात जमीन. जांभ्याची माती आम्लधर्मी, वर जून ते सप्टेंबर पाण्याचा मारा. खनिज धुऊन निघते आणि उघडे पडलेले कोलॅजन जंतू खातात. शिंपल्यांच्या वाळूत चुना असल्याने हाड धडधाकट दिसते, पण अ‍ॅस्परजीनचे डीअमिडेशन अल्कधर्मी परिसरात जास्त वेगाने होते. चांगले टिकलेले हाड म्हणजे भरवशाचे माप, असे नाही. खाडीच्या चिखलात भरती-ओहोटीचे खारे पाणी आणि प्राणवायूचा अभाव. तिथली मोजपट्टी जमिनीवरच्या प्रयोगांवरून बेतणे चूकच.

इथली स्वतःची मोजपट्टी तयार होत नाही तोवर इथल्या नमुन्यावरून वर्षाचा आकडा द्यायची घाई नको. त्याच पुळणीतल्या, काळ माहीत असलेल्या हाडांशी ताडून ‘याहून जुने’ किंवा ‘याहून नवे’ म्हणणे न्यायालयात टिकेल. पंचनाम्यात खोली, सावली आणि ओल नोंदवावी, हाडाभोवतीची मूठभर माती वेगळी घ्यावी. हाड उन्हात वाळवू नये, प्लॅस्टिकमध्ये बांधू नये. कागदी पिशवीत भरून लवकरात लवकर गोठवावे. आणि शवविच्छेदन विभागात सांगाडा साफ करायला तो उकळतात किंवा हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये टाकतात, त्याच्या आधी नडगीचा तुकडा काढून ठेवावा. उकळीने डीअमिडेशन वाढते, पेरॉक्साइडने मेथिओनिन या अमिनो आम्लाचे ऑक्सिडीकरण होते, आणि मग यंत्रावर दिसतो तो मोरीतल्या पातेल्याचा इतिहास.