ड्राय नीडलिंग: दुखतं दंडात, मग सुई पाठीत का?

ड्राय नीडलिंग म्हणजे आखडलेल्या स्नायूतल्या गाठीत औषध नसलेली बारीक सुई टोचून तो सैल करणं. त्यासाठी अपॉइंटमेंट घेतली असेल तर हे आधी वाचून या. टेबलावर झोपल्यावर होणारा निम्मा वाद टळेल.

खांद्याच्या पात्यावर इन्फ्रास्पायनेटस नावाचा स्नायू असतो. त्यातला एखादा पट्टा आखडून तिथे गाठ धरली, तर कळ जाणवते खांद्याच्या पुढच्या बाजूला आणि दंडात. अशा गाठीला आम्ही ट्रिगर पॉइंट म्हणतो. मानेवरून खांद्याकडे उतरणाऱ्या ट्रॅपिझियसमध्ये ती असेल तर कानशील ठणकतं. कुल्ल्यात खोलवर असलेल्या ग्लुटिअस मिनिमसमध्ये असेल तर कळ मांडीच्या बाहेरून थेट घोट्यापर्यंत जाते आणि पेशंट ‘सायटिका झालाय’ म्हणत येतो. (कधीकधी तो खरंच सायटिका असतो. मग आम्ही सुई बाजूला ठेवतो आणि डॉक्टरांकडे पाठवतो.)

म्हणून पहिल्या भेटीत बराच वेळ नुसतं चाचपणं चालतं. ‘सुई कधी मारणार?’ असं विचारू नका, तेच खरं काम आहे. दाबल्यावर तुम्ही ‘हां, हीच ती कळ’ म्हणालात की जागा सापडली.

घोटाळा होतो तो इथेच. दुखतो दंड, म्हणून लोक फक्त बाही वर सरकेल असा शर्ट घालून येतात, पाठीला हात लावू देत नाहीत, आणि ‘दुखतंय तिथेच दोन सुया मारा ना’ असा आग्रह धरतात. तशा मारल्या तर आमची भेट लवकर उरकते, पण तुमचं दुखणं तिथेच राहतं आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. तेव्हा सैल कपडे घाला आणि मान, पाठ, कंबर यांच्या बारीकसारीक तक्रारीही सांगा. ‘त्याचा काय संबंध’ ते आम्हाला ठरवू द्या.

सुईत औषध नसतं, ती पोकळही नसते. जाडी साधारण पाव मिलिमीटर, आणि प्रत्येक सुई एकदाच वापरून टाकून देतो. ‘औषधच नाही तर पैसे कसले?’ असंही ऐकून घेतो आम्ही. कारेल लेविट या चेक डॉक्टरांनी १९७९ मध्येच मांडलं होतं की अशा दुखण्यात आराम इंजेक्शनमधल्या औषधापेक्षा सुईमुळेच पडतो, अट एकच: ती नेमक्या जागी लागली पाहिजे. पैसे त्या नेमकेपणाचे.

सुई गाठीला लागली की स्नायू क्षणभर फडफडतो. दचकायला होतं, पण ते चांगलं लक्षण. पुढचे एक-दोन दिवस तो भाग खूप व्यायाम केल्यासारखा ठसठसतो, कधी काळानिळा होतो. ‘दुखणं वाढलं’ म्हणून अंथरूण धरू नका. शेक घ्या, सांगितलेली हलकी हालचाल चालू ठेवा. सुईने स्नायू सैल होतो, पण तो सैल राहतो व्यायामाने. तो व्यायाम त्याच भेटीत शिकवतो, वेगळे पैसे घेत नाही.

मात्र छाती, मान किंवा पाठीच्या वरच्या भागात सुई घेतल्यावर धाप लागली किंवा श्वास घेताना छातीत दुखलं, तर आमच्या फोनची वाट पाहू नका, लगेच हॉस्पिटल गाठा. फुप्फुसाला सुई लागणं फार क्वचित घडतं, पण घडू शकतं.

उपाशीपोटी येऊ नका, चक्कर येते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, गरोदरपण, पेसमेकर, सुईची भीती, यातलं काही असेल तर अपॉइंटमेंट घेतानाच सांगा. गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करून तर मुळीच येऊ नका.

दहा भेटींचं पॅकेज आम्ही आधी विकत नाही. दोन-तीन भेटींत काहीच फरक पडला नाही तर पुन्हा सुया टोचण्याऐवजी नव्याने तपासतो. जुने रिपोर्ट असतील तर पहिल्याच भेटीला आणा.