हिरवळ काढून कृत्रिम गवत टाकायचं का?

उन्हाळा चढला की पुण्या-नाशिकच्या सोसायट्यांत आणि बंगल्यांत एक हिशोब हमखास मांडला जातो. टँकरला इतके, माळ्याला तितके, तरी लॉन पिवळंच. त्यापेक्षा एकदाच पैसे टाकू आणि कृत्रिम गवत बसवून मोकळे होऊ. हिशोब खोटा नसतो, पण अर्धा असतो. कृत्रिम गवत दिसायला हिरवळीसारखं असलं तरी कामाच्या दृष्टीनं ते फरसबंदीच्या जातीचं आहे. त्याची तुलना शहाबादीशी किंवा पेव्हर ब्लॉकशी करावी. तशी केली की ते कुठे चालेल आणि कुठे पस्तावाल, हे बरंचसं आपोआप ठरतं.

आधी उष्णतेचं बघू, कारण आपल्याकडे निकाल बहुतेक वेळा तिथेच लागतो. एप्रिल-मे महिन्यांत पुण्यात उघड्या जमिनीच्या प्रत्येक चौरस मीटरवर दिवसभरात साधारण साडेसहा ते सात युनिट सौर ऊर्जा पडते. पाणी मिळणारी हिरवळ त्या दिवसांत चौरस मीटरमागे रोज सुमारे 5 लिटर पाणी पानांतून आणि मातीतून हवेत सोडते. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे 2,450 किलोज्यूल लागतात, म्हणजे 5 लिटरला जवळपास 3.4 युनिट. पडलेल्या ऊर्जेपैकी निम्मी अशी वाफेवाटे निघून जाते आणि पातं हवेच्या तापमानाच्या आसपास राहतं. प्लॅस्टिकच्या पात्याला ही सोय नाही. ते ऊन पितं आणि तापतं, एवढंच.

अमेरिकेतल्या युटा राज्यात ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या मैदानांवर जून 2002 मध्ये मोजणी झाली. कृत्रिम मैदानाचा पृष्ठभाग सरासरी 47 अंश सेल्सिअस निघाला, डांबर 43 आणि खरं गवत 26. नंतर एका कडक दिवशी तिथेच 93 अंशांची नोंद झाली. पाणी मारून उतरतं का, तेही पाहिलं गेलं. पृष्ठभाग 79 वरून 29 अंशांवर आला, पण पाच मिनिटांत 49 वर गेला आणि वीस मिनिटांत 73 वर. खेळाच्या मैदानात काळा रबरी भुगा भरलेला असतो, घरगुती गवतात वाळू असते, त्यामुळे घरचा आकडा काहीसा खाली येतो. पण पाण्याची वाफ होत नाही हे मूळ कारण तसंच राहतं. ‘कूल’ म्हणून विकल्या जाणाऱ्या गवतातला रंग उन्हाचा थोडा भाग परतवतो आणि काही अंश वाचवतो. सावलीची बरोबरी त्याला जमत नाही. त्वचेला 44-45 अंशांपुढे वेदना सुरू होतात. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात दुपारी मूल अनवाणी पळेल, अशा जागी हे टाकू नये, असं स्पष्ट सांगावं लागेल.

खात्री करायची असेल तर विक्रेत्याकडून फूटभर नमुना आणा, आपल्याच बागेत दुपारी दोन वाजता तासभर उन्हात ठेवा, शेजारी एक शहाबादीचा तुकडा ठेवा आणि दोन्हींवर तळपाय टेकवा. इन्फ्रारेड थर्मामीटर मिळाला तर उत्तम. नसला तरी पाय खोटं सांगत नाहीत.

आता कृत्रिम गवताची खरी जमेची बाजू, पाणी. शंभर चौरस मीटर लॉनला कडक उन्हाळ्यात रोज 500 लिटर लागतात आणि तुषार सिंचनातली गळती धरली तर सहाशेच्या वर. महिन्याला 10,000 लिटरचे जवळपास दोन टँकर झाले. भारतीय मानकांनुसार माणशी रोज 135 लिटर धरतात. म्हणजे एवढं लॉन चौघांच्या कुटुंबाइतकं पाणी पितं. पिण्याच्या पाण्यावर असं लॉन पोसणं अवघड आहे आणि ते पोसावं असं आम्ही म्हणणारही नाही. मात्र मोठ्या सोसायट्यांत सांडपाणी प्रक्रिया प्रकल्प असतो. चौघांच्या एका फ्लॅटमधून रोज सव्वाचारशे-साडेचारशे लिटर सांडपाणी निघतं, म्हणजे दीड फ्लॅटच्या प्रक्रिया केलेल्या पाण्यावर शंभर चौरस मीटर लॉन भागतं. ते पाणी नाल्यात सोडून वर प्लॅस्टिक अंथरायचं, याला काटकसर म्हणता येत नाही.

आणि लॉन पिवळं पडतंय ते पाण्याअभावीच, हे कुणी ठरवलं? निर्णयाआधी तीन तपासण्या करा, खर्च शून्य. पहिली सावलीची: सकाळी सातपासून दर तासाला कुठे थेट ऊन आहे ते कागदावर टिपा. हरळीच्या जातीच्या गवताला सहा तास तरी ऊन हवं. आंब्याखाली किंवा इमारतीच्या उत्तरेला ते विरळ होणारच, पाणी कितीही घाला. दुसरी, पाणी दिल्यावर दुसऱ्या दिवशी लांब स्क्रू ड्रायव्हर मातीत दाबा. पंधरा सेंटिमीटर सहज गेला नाही तर माती तुडवून घट्ट झाली आहे आणि मुळांना हवा मिळत नाही. तिसरी, लॉनवर पाच-सहा सरळ कडांचे डबे ठेवून पंधरा मिनिटं स्प्रिंकलर चालवा आणि प्रत्येकातलं पाणी पट्टीनं मोजा. एका डब्यात 3 मिलिमीटर आणि दुसऱ्यात 12 निघतात तेव्हा पिवळे पट्टे कुठून आले ते कळतं.

याशिवाय दोन सवयी लॉन मारतात. एक, रोज संध्याकाळी वरवर पाणी शिंपडणं, त्यामुळे मुळं वरच्या दोन इंचांतच राहतात. त्याऐवजी चार-पाच दिवसांनी एकदाच 20 ते 25 मिलिमीटर द्यावं. दुसरी, उन्हाळ्यात अगदी जमिनीलगत कापणी. माळ्याला तेवढंच काम लवकर परत करावं लागत नाही, पण पात्याची सावली गेली की माती तापते. मे महिन्यात 35-40 मिलिमीटर उंची ठेवा आणि एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नका. एखादा ठिगळासारखा भाग ओढल्यावर चटईसारखा उचलून हातात आला, तर खाली मुळं खाणाऱ्या हुमणीच्या अळ्या शोधा. तिथे ना पाणी कामाचं, ना खत.

हरळीची आणखी एक गोष्ट लोक विसरतात. पाणी तोडलं तर ती तपकिरी होते, मरत नाही. जमिनीतल्या काशा, म्हणजे आडवी पसरणारी खोडं, जिवंत असतात. दोन-तीन आठवड्यांनी एकदा 10-12 मिलिमीटर पाणी दिलं तरी जून गाठता येतो. दोन महिने तपकिरी लॉन बघायची तयारी असेल, तर टँकरचा प्रश्न तिथेच मिटतो. ज्या कोपऱ्यात कुणी कधी चालत नाही तिथलं लॉन काढून टाका आणि सावलीत मोंडो ग्रास किंवा नुसता पालापाचोळा, उन्हात जलपिंपळी किंवा शोभेचा भुईमूग लावा. वेडेलिया मात्र लावू नका, ते शेजाऱ्याच्या बागेतही जातं.

मग कृत्रिम गवत कुठे शोभतं? त्याचं नाव झालं तेच एका छताखाली. ह्यूस्टनच्या अ‍ॅस्ट्रोडोम या बंदिस्त स्टेडियममध्ये 1965 साली खरं गवत लावलं होतं. छताच्या पारदर्शक तावदानांमुळे खेळाडूंचे डोळे दिपू लागले म्हणून ती रंगवली, ऊन अडलं, गवत मेलं आणि 1966 साली तिथे नायलॉनचं गवत आलं. आजही ऊन न पोहोचणारी जागा हीच त्याची हक्काची: बाल्कनी, पोडियमचा झाकलेला भाग, शेडखालचा खेळाचा कोपरा. ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीनं 2022 मध्ये आपल्या प्रदर्शनांत कृत्रिम गवतावर बंदी घातली, त्यामागे पर्यावरणाचा विचार होता. आपल्याला तो आहेच, वर तळपायांचाही आहे.

गच्चीचा विचार वेगळा. पंधरा सेंटिमीटर ओली माती चौरस मीटरला अडीचशे किलोच्या पुढे जाते, तर वापरात असलेल्या गच्चीसाठी मानकातला चल भार, म्हणजे माणसं-सामानाचा भार, चौरस मीटरला दीडशे किलोच्या आसपास धरलेला असतो. तेव्हा जुन्या इमारतीच्या गच्चीवर खरं लॉन करण्यापेक्षा कृत्रिम गवत सुरक्षित. पण ते थेट स्लॅबवर चिकटवू नये आणि खिळे तर मुळीच ठोकू नयेत. खाली ड्रेन सेल (प्लॅस्टिकचे पोकळ, जाळीदार ठोकळे) टाकून पाण्याला वाट ठेवावी, पाणी जाण्याच्या तोंडावरची जाळी उचलून साफ करता आली पाहिजे. नाहीतर पावसाळ्यात पाणी गवताखाली तुंबतं, वॉटरप्रूफिंग कुठे फुटलंय ते दिसत नाही आणि खालच्या मजल्यावर ओल उतरल्यावरच कळतं.

जमिनीवर बसवायचंच ठरलं तर पैसे गवतापेक्षा खालच्या थरात घाला. पन्नास चौरस मीटरचा हिशोब असा. जुनं लॉन मुळांसकट काढून 10 सेंटिमीटर खोदा. सुटी झालेली माती सव्वादोन ब्रासच्या (ब्रास म्हणजे शंभर घनफूट) आसपास भरते, ती कुठे टाकणार ते आधी ठरवा. जमिनीला मीटरला 12 मिलिमीटर उतार द्या, म्हणजे पाच मीटरला 6 सेंटिमीटर. वर न विणलेलं जिओटेक्स्टाइल, म्हणजे पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं कापड, त्यावर दाबून 5 सेंटिमीटर खडी आणि अडीच सेंटिमीटर कच (दगडाचा बारीक चुरा). दाबल्यावर थर बसतो म्हणून दोन्ही मिळून साधारण 1.6 ब्रास मागवा. कच पाणी मारून धुम्मस करा, पट्टी फिरवून खड्डे भरा. मातकट मुरूम वापरू नका. तो बसला की पाणी जिरत नाही आणि गवताखाली चिखल होतो. काळी माती असेल तर ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिथे खोदाई आणि खडीचा थर वाढवा, नाहीतर दोन ऋतूंत लाटा उठतात. आंब्यासारख्या मोठ्या झाडाच्या घेराखाली हे सगळं करूच नका, कारण धुम्मस केलेल्या थराखाली त्याची अन्न घेणारी मुळं गुदमरतात.

नागरमोथा हा इथला खरा शत्रू. त्याचा कोंब सुईसारखा असतो. जिओटेक्स्टाइल आणि गवताची पाठ दोन्ही भेदून वर येतो. हरळीच्या काशाही तेच करतात. म्हणून खोदल्यावर लगेच खडी टाकू नका. जमीन ओली ठेवून दोन-तीन आठवडे थांबा, जे उगवेल ते गाठींसकट खणून काढा आणि हे पुन्हा एकदा करा. कंत्राटदार घाई करेल, करू द्या.

गवताचे रोल बहुधा 2 मीटर रुंद येतात. सगळ्या पट्ट्यांची पाती एकाच दिशेला झुकलेली हवीत, शक्यतो घराकडे. एक पट्टी उलटी पडली तर रंग वेगळा दिसतो आणि ते दुरुस्त होत नाही. रोल उन्हात काही तास पसरून सैल होऊ द्या, मगच कापा. कडेच्या दोन-तीन शिवणी कापून काढा, दोन पट्ट्यांतलं अंतर टाक्यांमधल्या अंतराइतकंच ठेवा आणि जोडाखाली रुंद टेप व पॉलियुरेथेन गोंद लावा. दव पडल्यावर किंवा पावसात गोंद धरत नाही. शेवटी चौरस मीटरला 6 किलो धुतलेली कोरडी सिलिका वाळू, म्हणजे पन्नास चौरस मीटरला 300 किलो, दोन-तीन वेळा थोडी थोडी पसरून पात्यांच्या उलट्या दिशेनं झाडा. या वाळूनं पाती उभी राहतात आणि गवत जागेवर बसतं. ती घातली नाही की वर्षभरात मधली वाट झोपते. रबरी भुगा घरी नकोच. युरोपीय संघानं 2023 च्या नियमानं खेळाच्या मैदानांवरच्या अशा प्लॅस्टिक दाण्यांची विक्री ऑक्टोबर 2031 पासून बंद करायचं ठरवलं आहे.

गवत निवडताना उंचीला भुलू नका. पन्नास मिलिमीटरचं पातं दुकानात देखणं दिसतं आणि बागेत आडवं होतं, 30-35 पुरे. पाती पॉलिथिलीनची घ्या. पॉलिप्रोपिलीनची कडक, टोचणारी असतात आणि उन्हात लवकर ठिसूळ होऊन पावडर सोडतात. नमुना पाठीच्या बाजूनं मुडपून टाक्यांची दाटी बघा, पकडीनं एक झुपका ओढा, पाठीवर तांब्याभर पाणी ओतून भोकांतून किती वेळात जातं ते बघा. अतिनील किरणांची हमी किती वर्षांची आणि ती आपल्याकडच्या उन्हासाठी आहे का, हे बिलावर लिहून घ्या.

‘देखभाल शून्य’ हे विसरा. नोव्हेंबर ते मे धूळ बसते आणि भोकं बुजतात; महिन्यातून एकदा झाडून पाणी मारावं लागतं. पावसाळ्यात सावलीच्या भागात शेवाळ धरतं. वर्षावृक्षाची बारीक पानं पात्यांत अडकतात, खराट्यानं निघत नाहीत. कुत्रा असेल तर वास येणारच: मातीत लघवीतल्या युरियाची जिवाणू आणि मुळं विल्हेवाट लावतात, इथे त्याचा अमोनिया वाळूत साचतो. हुदहुद आणि साळुंक्या लॉनमध्ये चोच खुपसून अळ्या शोधतात, त्या इथे फिरकत नाहीत. आयुष्य संपल्यावर पॉलिथिलीन, पॉलिप्रोपिलीन, लॅटेक्स आणि वाळू यांचं ते मिश्रण वेगळं करणं अवघड असतं आणि भंगारवाला हात लावत नाही.

दिवाळीचा मुद्दा किंमतपत्रकात नसतो. फुलबाजीची एक ठिणगी पडली की काळं भोक पडतं. पॉलिथिलीन 130 अंशांच्या आतच वितळतं. समोरच्या इमारतीला परावर्तक काच असेल तर तिच्या झोतानंही पाती वितळतात. म्हणून काम झाल्यावर उरलेला दीड-दोन चौरस मीटरचा तुकडा मागून घ्या, कारण त्याच लॉटचा रंग पुन्हा मिळत नाही. तो पोटमाळ्यावर टाकू नका, गच्चीत उन्हात पसरून ठेवा. बागेतल्या गवताइतकाच विटला असेल तरच ठिगळ दिसणार नाही.