नदीतले किडे मोजणं आणि नदीचं पाणी तपासणं: दोन्ही एकच नव्हे

इंग्लंडमध्ये गळाने मासे धरणाऱ्यांच्या अनेक क्लबांत सध्या दोन कामं शेजारीशेजारी चालतात. काही सभासद गुडघाभर पाण्यात उभे राहून जाळीत किडे गोळा करतात. काही जण बाटलीत पाणी भरून घेतात, त्यात पावडरची पुडी टाकतात आणि छोट्या यंत्रावरचा आकडा फोनमध्ये नोंदवतात. काठावरून बघणाऱ्याला दोन्ही ‘नदीची तपासणी’च वाटते, आणि एक करत असू तर दुसरं कशाला, असा प्रश्न क्लबातही पडतो. पण दोन्हींतून मिळणारी उत्तरं वेगळी आहेत. एकाचं उत्तर दुसऱ्याच्या जागी वापरलं तर आजारी नदी निरोगी ठरते.

आधी किड्यांचं बघू. नदीतल्या किड्यांसाठी काम करणाऱ्या रिव्हरफ्लाय पार्टनरशिपने २००७ साली देशभर सुरू केलेली ही पद्धत मुद्दाम सोपी ठेवली आहे, एका दिवसाच्या प्रशिक्षणात शिकता येते. उथळ, खळाळत्या जागी जाळी तळाला टेकवून धरायची, जाळीचं तोंड येणाऱ्या पाण्याकडे. मग जाळीच्या पुढचे दगडगोटे पायाने ढवळायचे, घड्याळ लावून तीन मिनिटं. शेवटी एक मिनिट मोठे दगड हाताने उचलून त्यांची खालची बाजू तपासायची.

जाळीतलं सगळं पांढऱ्या ट्रेमध्ये ओतलं की पहिल्यांदा नुसता कचरा दिसतो: काड्या, कुजकी पानं, वाळू. जरा थांबलं की त्यातल्या काही काड्या चालू लागतात. त्या कॅडिसफ्लाय या उडत्या किड्याच्या अळ्या. वाळूचे कण आणि काड्यांचे तुकडे चिकटवून त्या स्वतःभोवती नळी बांधतात आणि ती ओढत फिरतात. चपट्या अंगाची, दगडाला घट्ट धरून राहणारी मेफ्लाय या दुसऱ्या उडत्या किड्याची पिल्लं ट्रेच्या कडेला सरकतात. गॅमरस नावाचे कोळंबीच्या गोतातले बारके जीव कुशीवर आडवे होऊन सुळकन पळतात. असे एकूण आठ गट मोजायचे. एकेक किडा मोजत बसावं लागत नाही. गटात १ ते ९ जीव असतील तर १ गुण, १० ते ९९ असतील तर २, १०० ते ९९९ असतील तर ३, त्याहून जास्त असतील तर ४. आठ गटांची बेरीज हा त्या जागेचा त्या दिवसाचा आकडा. प्रत्येक जागेसाठी सरकारी पर्यावरण यंत्रणेतल्या जीवशास्त्रज्ञांशी बोलून एक इशारापातळी ठरवलेली असते. आकडा तिच्या खाली गेला की पुन्हा नमुना घ्यायचा, आणि तोही कमी आला तर ताबडतोब कळवायचं.

हे काम गळवाल्यांच्याच हाती का आलं, याचं उत्तर त्यांच्या छंदात आहे. ट्राउट मासा धरण्यासाठी गळाला पिसं आणि दोरा बांधून जी खोटी माशी तयार करतात, ती याच किड्यांची नक्कल असते. कोणत्या महिन्यात कोणता किडा पाण्यातून वर येतो, हे त्यांना आधीपासून पाठ असतं. एरवी कॅडिस आणि मेफ्लाय यांतला फरक लोकांना शिकवायला किती वेळ गेला असता!

पाण्याच्या तपासणीचं वळण निराळं आहे. गळवाल्यांची संघटना असलेल्या अँग्लिंग ट्रस्टने २०२२ मध्ये सेव्हर्न नदीच्या खोऱ्यातून हे जाळं विणायला सुरुवात केली. साधारण महिन्यातून एकदा ठरलेल्या जागी जायचं आणि फॉस्फेट, नायट्रेट, अमोनिया, तापमान, गढूळपणा, विद्युतवाहकता मोजायची. फॉस्फेटसाठी हातात मावणारं यंत्र असतं. काचेच्या कुपीत १० मिलिलिटर पाणी घेऊन आधी यंत्र शून्यावर आणायचं, मग पुडी टाकून हलवायचं, तीन मिनिटं थांबायचं. पाणी जितकं निळं होईल तितका आकडा मोठा. कुपीवर बोटांचे ठसे राहिले तरी आकडा फसवतो, म्हणून ती पुसायला मऊ कापड जवळ ठेवतात. आणखी एक गफलत नेहमी होते: यंत्र ‘फॉस्फेट’ दाखवतं, सरकारी निकष बहुतेक वेळा ‘फॉस्फरस’मध्ये असतात. फॉस्फेटचा ०.३ म्हणजे फॉस्फरसचा जेमतेम ०.१. भागाकार विसरला की नदी आहे त्याच्या तिप्पट वाईट दिसते, आणि मग खऱ्या तक्रारीवरही कुणी विश्वास ठेवत नाही.

आता मुख्य फरक. कुपीतलं पाणी त्या क्षणाचं असतं. काल रात्री दोन वाजता कुणी काही सोडलं असेल तर सकाळी दहापर्यंत ते मैलभर पुढे निघून गेलेलं असतं. किडे मात्र तिथेच असतात. मोठी मेफ्लाय पंख फुटण्याआधी साधारण दोन वर्षं तळाच्या गाळात काढते. त्या काळात पाण्यातून जे जे गेलं ते तिने सोसलेलं असतं.

याचा सगळ्यात बोलका दाखला इंग्लंडमधल्या केनेट नदीचा. जुलै २०१३ मध्ये मार्लबरो गावाजवळ स्वयंसेवक नेहमीचे नमुने घेत होते. सांडपाणी शुद्ध करून नदीत सोडणाऱ्या केंद्राच्या वरच्या बाजूला ट्रे गजबजलेला होता, खालच्या बाजूला जवळपास रिकामा. मासे मेलेले नव्हते, पाण्याला रंग नव्हता, वास नव्हता. काठावरून जाणाऱ्याने नदी सुंदर आहे असंच म्हटलं असतं. यंत्रणेने शोध घेतला तेव्हा क्लोरपायरिफॉस हे कीटकनाशक निघालं. सुमारे १५ किलोमीटरचा पट्टा बाधित झाला होता, आणि त्याला न मिसळलेलं दोनएक चमचे औषध पुरेसं ठरलं असावं असा अंदाज होता. फॉस्फेटच्या कुपीला हे कधीच दिसलं नसतं, कारण त्या पुडीला कीटकनाशक कळतच नाही. आणि स्वयंसेवकांकडे आधीच्या नोंदी होत्या, म्हणूनच ‘इथे शेकडो गॅमरस असायचे’ असं छातीठोकपणे सांगता आलं. नुकसान झाल्यावर पहिल्यांदा जाळी घेऊन गेलेल्याला हे सांगता येत नाही.

याच्या उलट उदाहरण वाय नदीचं. वेल्स आणि इंग्लंडच्या सीमेवरच्या या नदीच्या खोऱ्यात दोन कोटींच्या आसपास कोंबड्या पाळल्या जातात. त्यांची विष्ठा शेतात खत म्हणून पडते, फॉस्फरस मातीत साठतो आणि पावसाबरोबर नदीत उतरतो. उन्हाळ्यात पाणी शेवाळाने हिरवं होतं, तळातल्या वनस्पती उजेडाला मुकतात. २०२३ मध्ये नॅचरल इंग्लंड या सरकारी निसर्गसंस्थेने नदीची स्थिती ‘प्रतिकूल आणि घसरती’ अशी नोंदवली. अशी हळूहळू चढणारी बाधा किड्यांच्या सोप्या गुणांकनातून निसटू शकते. ती पद्धत मोठा धक्का ओळखण्यासाठी बनवलेली आहे. इथे महिन्यामागून महिने घेतलेले फॉस्फेटचे आकडे लागतात.

त्या आकड्यांतून स्रोतही हुडकता येतो, आणि मला या सगळ्या कामातला हा भाग सर्वांत हुशारीचा वाटतो. कोरड्या दिवसांत फॉस्फेट जास्त आणि पाऊस पडल्यावर कमी होत असेल, तर सांडपाणी केंद्रासारखा एकसारखा वाहणारा स्रोत असण्याची शक्यता मोठी. पावसाचं पाणी त्याला पातळ करतं. पावसानंतर आकडा उसळत असेल तर शेतांकडे बघायचं, पण त्या पुरात गटारांचे सांडवेही उघडतात, म्हणून वरच्या आणि खालच्या दोन्ही जागी नमुना हवा. अर्थात प्रत्येक नोंदीबरोबर पावसाची नोंद नसेल तर यातलं काहीच करता येत नाही.

मग दोन्ही केलं की सगळं कळलं? नाही. शेवाळ दिवसा प्राणवायू देतं आणि रात्री स्वतःच घेतं. नदीतला प्राणवायू पहाटेच्या सुमाराला सर्वांत कमी असतो. सकाळी दहाला मोजणाऱ्याला तो ठीकठाक दिसतो. त्यासाठी पाण्यात कायम ठेवलेले, दर काही मिनिटांनी मोजणारे सेन्सर लागतात. ते महाग, सतत साफ करावे लागणारे, आणि फॉस्फेट मात्र सहसा न मोजणारे. पहाटे काठावर असतो तो गळवालाच. मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करताना त्याने पाहिले, वेळ आणि फोटोसकट कळवलं, तर ती नोंद सेन्सरइतकीच मोलाची असते.

स्वयंसेवकांच्या आकड्यांवर सहसा थेट खटला उभा राहत नाही. यंत्रणा स्वतःचा नमुना घेते. क्लबाचा आकडा तिला कुठे आणि केव्हा यायचं ते सांगतो. मात्र इंग्लंडमध्ये मासेमारीचा हक्क ही मालमत्ता असल्यामुळे क्लब स्वतः कोर्टात जाऊ शकतात. डर्बीच्या क्लबाने १९५०च्या दशकात डर्वेंट नदीसाठी कारखाना आणि नगरपालिका या दोघांविरुद्ध निकाल मिळवला होता.

आपल्याकडे हौशी गळवाल्यांना असा हक्क नाही, पण प्रश्न ओळखीचे आहेत. आळंदीत इंद्रायणीवर फेस येतो, पंचगंगेत मेलेल्या माशांचा खच पडतो, आणि बाटली घेऊन कुणी पोहोचेपर्यंत ते पाणी पुढे गेलेलं असतं. तळातल्या जीवांवरून पाण्याची प्रत ठरवण्याचे निकष केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडेही आहेत. इंग्लंडचे आठ गट आणि त्यांचे आकडे मात्र उचलून इथे लावता येणार नाहीत. इथे पावसाळ्यातला पूर तळच धुऊन नेतो, त्यामुळे पुरानंतरचा रिकामा ट्रे म्हणजे विष असं नव्हे. प्रत्येक जागेचा निदान एक पूर्ण वर्षाचा पाया आधी घालावा लागेल, आणि तोही एखाद्या प्राणिशास्त्र विभागाच्या मदतीने.

कुठून सुरुवात करावी, असं विचाराल तर कारखाना किंवा नाला वर असेल तिथे आधी जाळी. नदी वर्षागणिक हिरवी होत असेल तर आधी कुपी. एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात जाताना जाळी आणि बूट धुऊन कडकडीत वाळवायचे. २०१० मध्ये इंग्लंडच्या ग्रॅफम तलावात परका, हिंस्र गॅमरससारखा जीव सापडला, तेव्हापासून तिथे हा नियम सगळ्यांना पाठ करून घेतात.