चंडीपुराच्या आधीपासूनचा प्रश्न: विषाणू पेशीत शिरतो कसा?

चंडीपुरा या विषाणूचं नाव अधूनमधून, बहुधा पावसाळ्यात, बातम्यांत येतं. 2024 साली गुजरातेत लहान मुलं दगावली तेव्हाही आलं. ज्या गावावरून ते पडलं ते आपल्या नागपूर जिल्ह्यातलं, म्हणून आपले कान लगेच टवकारतात. 1965 साली नागपुरात चिकुनगुन्या आणि डेंग्यूची साथ असताना तापाच्या दोन रुग्णांच्या रक्तात पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राला, म्हणजे आजच्या एनआयव्हीला, हा विषाणू सापडला. सँडफ्लाय ही रक्त शोषणारी बारीक माशी चावते नि विषाणू रक्तात जातो, इथवर आता बऱ्याच जणांना ठाऊक आहे. रक्तातून पुढे पेशीच्या आत तो शिरतो कसा, हा प्रश्न मात्र त्याहून जुना.

1941 साली न्यूयॉर्कमध्ये जॉर्ज हर्स्ट फ्लूचा विषाणू कोंबडीच्या अंड्यांत वाढवत होते. आतला द्रव काढताना गर्भाची एक रक्तवाहिनी फाटली, रक्त द्रवात मिसळलं आणि तांबड्या पेशी एकमेकींना चिकटून त्यांचे पुंजके झाले. अंडं वाया गेलं म्हणून बाजूला सारावं, असाच हा प्रकार. हर्स्ट मात्र त्याच्या मागे लागले. विषाणू पेशीच्या पृष्ठभागावर कशाला तरी धरतो, आणि उबेत ठेवलं की सुटतोही. गंमत अशी, की एकदा सुटला की त्या पेशी त्याच विषाणूने पुन्हा चिकटत नाहीत. म्हणजे धरायची जागाच तो कापून गेलेला असतो. ती जागा सायलिक आम्लाची, म्हणजे पेशीवरच्या एका प्रकारच्या साखरेची, हे 1950च्या दशकात कळलं.

पेशीत शिरायला अशी जागा लागतेच, याचा माझ्या मते पक्का पुरावा पोलिओने दिला. उंदराच्या पेशींना पोलिओ होत नाही. पण 1959 साली जॉन हॉलंड आणि सहकाऱ्यांनी विषाणूचं नुसतं आरएनए, म्हणजे त्याचं जनुकीय द्रव्य, अशा पेशींत घातलं, तर आत नवे विषाणू तयार झाले. अडचण आत नव्हतीच, दारात होती. विषाणू पेशीवर ज्याला धरतो, त्या प्रथिनाला रिसेप्टर म्हणतात. 1989 मध्ये माणसातल्या पोलिओच्या रिसेप्टरचा जनुक हाती आला. तो घातलेल्या उंदरांना वर्षभरातच पोलिओचा लकवा झाला.

पुढे 1984 ला एचआयव्हीसाठी सीडी4, 2003 ला सार्ससाठी एसीई2 सापडला. कोविडचा विषाणूही एसीई2लाच धरतो. इथे सगळे कुलूप-किल्लीची उपमा देतात, ती मला पटत नाही. कुलूप चोराला अडवायला लावतात. रिसेप्टर पेशीने स्वतःच्या कामाला ठेवलेला असतो. एसीई2 रक्तदाबाच्या नियंत्रणात लागतो, सीडी4 प्रतिकारशक्तीला.

चंडीपुराच्याच कुळातला, गुरांना तोंडात फोड आणणारा एक विषाणू प्रयोगशाळांत वर्षानुवर्षं वापरात होता, तरी त्याचा रिसेप्टर कळायला 2013 उजाडलं. निघाला तो एलडीएल रिसेप्टर, रक्तातलं कोलेस्टेरॉल उचलून पेशीत नेणारा. पेशी स्वतःच विषाणूला आत ओढते, आतल्या पिशवीत आम्लता वाढते, त्यासरशी विषाणूवरच्या ‘जी’ नावाच्या प्रथिनाचा आकार पालटतो आणि त्याचं आवरण पिशवीच्या पडद्यात मिसळून जातं.

एचआयव्हीला लागणारा दुसरा रिसेप्टर, सीसीआर5, बंद करणारं औषध 2007 पासून आहे, कारण तो जन्मतः नसलेली माणसंही बऱ्यापैकी धडधाकट असतात. एलडीएल रिसेप्टर जन्मतः निकामी असलेल्यांचं तसं नाही. त्यांचं कोलेस्टेरॉल इतकं वाढतं की काहींना लहानपणीच हृदयविकार गाठतो. म्हणून हे दार औषधाने बंद करणं तितकं सोपं नाही.