सिमला ऑफिस ते ‘अर्क’ : मान्सूनच्या हंगामी अंदाजाची पार्श्वभूमी

पुण्यात शिवाजीनगरला ज्या चौकाला सगळे ‘सिमला ऑफिस’ म्हणतात, त्याचा थंड हवेशी संबंध नाही, पण हवामानाशी मात्र आहे. भारतीय हवामान खात्याचे मुख्यालय 1928 मध्ये सिमल्याहून पुण्याला हलले, आणि कचेरी आली तसे तिच्या जुन्या गावाचे नावही इथे येऊन चिकटले. पुढे 1944 मध्ये मुख्यालय दिल्लीला गेले. वेधशाळा आणि चौकाचे नाव मागे राहिले. दर वर्षी एप्रिलमध्ये ‘यंदा सरासरीच्या इतके टक्के पाऊस’ असा जो आकडा जाहीर होतो, तो ठरवण्याच्या पद्धतींचा बराचसा इतिहास या वास्तूत आणि पाषाण रस्त्यावरच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत घडला आहे.

सुरुवात मात्र दुष्काळातून झाली. हवामान खाते 1875 मध्ये स्थापन झाले आणि लगेच 1876 ते 1878 चा भीषण दुष्काळ पडला. पाऊस हुकणार असल्याची चाहूल आधी लागू शकते का, हा प्रश्न सरकारने खात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांच्यापुढे ठेवला. हिमालयात हिवाळ्यात आणि वसंतात बर्फ जास्त साचले की पुढचा पाऊस कमी पडतो, असे ब्लॅनफर्ड यांना नोंदींवरून दिसले होते. त्या आधारावर त्यांनी 1882 पासून चाचणीदाखल अंदाज दिले, आणि 4 जून 1886 रोजी पहिला नियमित हंगामी अंदाज प्रसिद्ध झाला. त्यांच्यानंतर आलेल्या जॉन एलियट यांनी बर्फाच्या जोडीला दूरदूरच्या समुद्रांवरची हवा आणि वाऱ्यांच्या नोंदीही घेतल्या, पण कशाला किती वजन द्यायचे हे अखेर त्यांच्या अंदाजपंचे ठरत असे. 1899 मध्ये त्यांनी चांगल्या पावसाचा अंदाज दिला आणि प्रत्यक्षात देशातल्या सर्वांत वाईट दुष्काळांपैकी एक पडला.

या पद्धतीला शिस्त लावण्याचे काम 1904 मध्ये प्रमुखपदी आलेल्या गिल्बर्ट वॉकर यांनी केले. ते केंब्रिजचे गणिती होते आणि हवामानशास्त्राचे शिक्षण त्यांनी घेतलेले नव्हते, ही गोष्ट इथे पथ्यावर पडली असे म्हणावे लागते. कारण पाऊस का पडतो याचा सिद्धांत हाताशी नसताना त्यांनी केवळ नोंदींना प्रश्न विचारले. जगभरच्या ठाण्यांवरचा वायुदाब, तापमान आणि पाऊस यांच्या जोड्या लावून प्रत्येक जोडीचा सहसंबंध (दोन गोष्टी किती जोडीने बदलतात हे सांगणारा -1 ते 1 मधला आकडा) काढायचा, असा तो प्रचंड खटाटोप होता. तो किती प्रचंड होता हे एकाच जोडीवरून लक्षात येते. तीस वर्षांच्या नोंदी असतील तर प्रत्येक वर्षाचा सरासरीपासूनचा फरक दोन्ही बाजूंनी काढायचा, त्या फरकांचे तीस गुणाकार करायचे, साठ वर्ग करायचे, बेरजा मांडायच्या आणि शेवटी वर्गमूळ काढून भागाकार करायचा. हे सारे कचेरीतले भारतीय कारकून कागदावर करत होते, आणि एक जोडी संपली की पुढची तयारच असे. याच आकडेमोडीतून पॅसिफिक महासागराच्या पूर्वेला दाब वाढला की हिंदी महासागराच्या बाजूला तो कमी होतो, आणि उलटही घडते, हा झोका हाती लागला. वॉकर यांनी 1924 मध्ये त्याला ‘सदर्न ऑसिलेशन’ हे नाव दिले. आज आपण एल निनोविषयी (पॅसिफिकच्या पूर्वेचे पाणी तापणे, ज्याने बहुधा आपला पाऊस घटतो) जे बोलतो, त्याचे वातावरणातले अंग ते हेच.

वॉकर यांचे दुसरे काम कमी प्रसिद्ध आहे, पण मला ते अधिक मोलाचे वाटते. शंभर घटक तपासून त्यातला पावसाशी सर्वांत जुळणारा निवडला, तर तो जुळण्याचे कारण निव्वळ योगायोगही असू शकते, हे त्यांनी 1914 मध्येच गणिताने मांडले. तीस वर्षांच्या नोंदींत, ज्यांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही अशा दोन गोष्टींचा सहसंबंध 0.36 च्या पलीकडे जाण्याची शक्यता साधारण वीसात एक असते. म्हणजे असंबद्ध घटक शंभर तपासले, तर पाचेक घटक ‘महत्त्वाचे’ म्हणून पुढे येणारच. तेव्हा निवडलेल्या घटकाला किती घटकांतून निवडले हे लक्षात घेऊन अधिक कडक कसोटी लावली पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते.

ही सावधगिरी पुढच्या काळात नेहमी पाळली गेली असे नाही. 1987 च्या दुष्काळानंतर डॉ. वसंत गोवारीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोळा घटकांचे प्रारूप (मॉडेल) तयार केले. हिमालय आणि युरेशियातला बर्फ, एल निनो, उत्तर भारतातले तापमान, उंचावरचे वारे असे घटक त्यात होते, आणि प्रारूपाची चूक चार टक्क्यांच्या आत राहील असे सांगितले गेले. 1988 चा पाऊस उत्तम झाला आणि प्रारूपानेही तसेच म्हटले होते. ‘गोवारीकर मॉडेल’ हा शब्द शेतकऱ्यांच्या बोलण्यात पोचला, नक्षत्राच्या वाहनाइतकाच सहज. सलग तेरा-चौदा वर्षे दुष्काळ पडला नाही आणि तसा अंदाजही आला नाही, त्यामुळे प्रारूप अचूक ठरले अशीच सर्वसाधारण समजूत झाली. आकडे शेजारी ठेवले की चित्र वेगळे दिसते. 1994 मध्ये अंदाज 92 टक्के होता आणि पाऊस 110 टक्के पडला. 1999 मध्ये अंदाज 108 टक्के आणि पाऊस 96 टक्के. भारताचा मोसमी पाऊस सरासरीपासून साधारण दहा टक्केच इकडेतिकडे होतो, तेव्हा ‘सरासरीइतका पडेल’ असे डोळे मिटून दरवर्षी सांगणाराही बहुतेक वेळा बरोबर ठरतो. खरी परीक्षा दुष्काळाच्या वर्षी असते, आणि ती 2002 मध्ये झाली. अंदाज 101 टक्क्यांचा होता. जुलैत पाऊस जवळजवळ निम्माच पडला, पेरण्या वाया गेल्या आणि हंगामाअखेर पाऊस 81 टक्क्यांवर थांबला.

घटक बदलून, कमी करून नवी प्रारूपे आली, तरी 2004 आणि 2009 हे दोन्ही दुष्काळ त्यांना आधी दिसले नाहीत. मूळ अडचण अशी की सांख्यिकी पद्धत ‘पूर्वी जसे जुळले तसे पुढेही जुळेल’ असे गृहीत धरते, आणि हवामानातले संबंध काही दशकांत सैल पडतात. मूळच्या पुण्याच्या हवामानशास्त्रज्ञ सुलोचना गाडगीळ यांनी दाखवले की पॅसिफिकइतकेच विषुववृत्तीय हिंदी महासागरावरच्या ढगांकडेही पाहावे लागते. 1997 मध्ये एल निनो अतिशय तीव्र असूनही पाऊस 102 टक्के झाला होता, त्याचा उलगडा त्यातून होतो.

दुसरी वाट होती वातावरणाचीच गणिती प्रतिकृती चालवून पाहण्याची. ब्रिटनच्या लुईस फ्राय रिचर्डसन यांनी तसा सहा तासांचा अंदाज हाताने सोडवला आणि 1922 मध्ये प्रसिद्ध केला. उत्तर साफ चुकले, पण रीत बरोबर होती. 1950 मध्ये अमेरिकेत एनिअॅक संगणकावर ती साधली, तेव्हा चोवीस तासांचा अंदाज काढायला जवळपास चोवीस तासच लागले. रोजचे हवामान दोन आठवड्यांपलीकडे सांगता येत नसले, तरी उष्ण कटिबंधात हंगामाची सरासरी समुद्राच्या संथपणे बदलणाऱ्या तापमानावर अवलंबून असते, म्हणून तिचा अंदाज तत्त्वतः शक्य आहे, हे हवामानशास्त्रज्ञ ज्यूल चार्नी आणि जगदीश शुक्ला यांनी 1981 मध्ये मांडले. शुक्ला यांनी आधी पुण्याच्याच संस्थेत काम केले होते.

यासाठी लागणारे संगणक सहज मिळणारे नव्हते. अमेरिकेने मागितल्यापेक्षा कमी क्षमतेचा क्रे महासंगणक दिला, तो दिल्लीत मध्यम पल्ल्याच्या अंदाजासाठी बसला. आणि त्याच सुमारास, 1988 मध्ये, पुण्यात सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेची स्थापना होऊन 1991 मध्ये ‘परम 8000’ हा महासंगणक तयार झाला. प्रतिकृतींवर आधारलेला हंगामी अंदाज मात्र 2012 च्या ‘मान्सून मिशन’पासून मार्गी लागला. त्यासाठी अमेरिकेचे सागर-वातावरण प्रारूप घेऊन पुण्याच्या संस्थेत ते मान्सूनसाठी सुधारण्यात आले, आणि त्याची चौकट, म्हणजे ज्या तुकड्यासाठी एकच आकडा काढला जातो त्याची रुंदी, सुमारे 100 किलोमीटरवरून 38 किलोमीटरवर आणली गेली. 2018 मध्ये 4 पेटाफ्लॉप (एक पेटाफ्लॉप म्हणजे सेकंदाला हजार लाख कोटी गणिते) क्षमतेचा ‘प्रत्यूष’ आणि 2024 मध्ये 11.77 पेटाफ्लॉपचा ‘अर्क’ हे महासंगणक पाषाण रस्त्यावर बसले. हंगामी अंदाजासाठी 2021 पासून अनेक प्रारूपांची उत्तरे एकत्र केली जातात.

चौकट लहान करण्याला इतके महत्त्व का, हे सह्याद्रीत कळते. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि तिथून वीस किलोमीटरही दूर नसलेल्या पाचगणीला त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. 38 किलोमीटरच्या चौकटीत ही दोन्ही गावे एकाच आकड्यात मावतात. मे 2025 मध्ये दैनंदिन अंदाजासाठी सुरू झालेल्या 6 किलोमीटरच्या ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’मध्ये ती वेगवेगळ्या चौकटींत येतात.