देठ कोथिंबिरीचे आणि देठ पुदिन्याचे

भाजी निवडायला बसलं की कोथिंबीर आणि पुदिन्याला बहुतेक घरांत एकच न्याय: पानं ताटात, देठ कचऱ्यात. हल्ली वाया काही घालवायचं नाही म्हणून उलटा न्यायही दिसतो; दोन्ही जुड्या देठांसकट मिक्सरमध्ये. पहिल्यात कोथिंबिरीवर अन्याय होतो, दुसऱ्यात चटणीवर.

दोघांचा वास वेगवेगळ्या जागी असतो. कोथिंबीर ही जिरं, ओवा, बडीशेप, गाजर यांच्या कुळातली. या झाडांमध्ये सुगंधी तेलाच्या बारीक नळ्या पानांत, देठांत, मुळांतही असतात. म्हणून देठ चुरडला तरी तोच वास येतो. थाई स्वयंपाकात तर कोथिंबिरीची मुळं लसूण आणि मिऱ्यांबरोबर कुटून वाटण करतात. पुदिना तुळशीच्या कुळातला. त्याचं तेल मुख्यतः पानाच्या पृष्ठभागावरच्या सूक्ष्म ग्रंथींत साठतं, देठाच्या वाट्याला फार थोडं येतं. पुदिन्याचा जून देठ दोन बोटांत फिरवून पाहा, चार कडा लागतात. या चौकोनी देठाचा चिवटपणा मिक्सरलाही दाद देत नाही. चटणीत धागे राहतात, वर कडवटपणा येतो. शेंड्याकडची बोटभर कोवळी काडी तेवढी पानांबरोबर चालते.

कोथिंबिरीचे देठ मात्र हक्काने वापरावेत. हिरव्या वाटणात आलं, लसूण, मिरचीबरोबर आधी देठ फिरवायचे, पानं शेवटी. देठांचं स्वतःचं पाणी सुटतं, त्यामुळे वरून पाणी कमी लागतं आणि सँडविचची चटणी ब्रेडमध्ये झिरपत नाही. फक्त मिक्सरमध्ये टाकण्याआधी आडवे बारीक चिरा. लांब काड्या पात्याला गुंडाळतात. रश्श्यातही देठ वाटणात आणि पानं गॅस बंद केल्यावर वरून. उकळत्या रश्श्यात पानं घालणं म्हणजे पैसे देऊन आणलेला वास एक्झॉस्टला देणं.

कोथिंबीर वडीत देठ घालावेत, पण कोवळे आणि अगदी बारीक. जाड तुकडे राहिले की उकडलेला उंडा कापताना सुरी अडते आणि वडी तिथेच फुटते. जुडी फुलोऱ्यावर आली असेल, म्हणजे वरची पानं शेपूसारखी बारीक दिसत असतील, तर देठ दाताखाली धरून बघा. कचकन तुटला तर घ्या, दोरा निघाला तर वडीत नको. असे जून देठ डाळीच्या पाण्यात उकळून सारासाठी गाळून घेता येतात.

माती दोन्हींत असते, पण कोथिंबिरीत ती देठांच्या बुडाशी दडते. जुडी सोडून पातेल्यात बुडवा आणि उचलून काढा. पातेलं चाळणीवर ओतलं तर खाली बसलेली रेती परत भाजीवर.

पुदिन्याचे उरलेले देठ चहात किंवा पुलावाच्या पाण्यात अख्खे उकळून काढून टाका. त्यातले जाडसर, ताजे असतील ते पेल्यात उभे ठेवा: खालची पानं काढून, पेराच्या जरा खाली कापून. पाणी बदलत राहिलं की पेराशी पांढरी मुळं फुटतात, मग कुंडीत लावायचे. कोथिंबिरीच्या देठाकडून ही अपेक्षा ठेवू नका. तो पाण्यात सहसा नुसता कुजतो. तिच्यासाठी धणेच रगडून पेरावे लागतात.