गिरण्यांच्या जमिनीवर मैदान का नाही झालं?

लोअर परळचे टॉवर बघून लोक हमखास म्हणतात, मुंबईत घरं पाहिजेत मग मैदानं कुठून आणणार. पण गिरणगावात घरं आणि मैदान दोन्ही द्यायचं ठरलं होतं, नियमात लिहिलेलं होतं.

१९८२ च्या जानेवारीत डॉ. दत्ता सामंतांचा संप सुरू झाला, अडीच लाखाच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि मग एकेक गिरणी बंद पडत गेली, मागे राहिली ऐन शहराच्या मधली सुमारे ६०० एकर जमीन. १९९१ च्या विकास नियमावलीत त्यासाठी नियम ५८ आला. तीन वाटे करायचे, एक पालिकेला बागा-मैदानांसाठी, एक म्हाडाला परवडणाऱ्या घरांसाठी, उरलेला मालकाला. हिशोब एवढा साधा. पण गोम अशी की जुन्या शेड तशाच ठेवून आतल्या आत बदल केला तर वाटणी लागतच नव्हती, मग कोण कशाला देईल जमीन, शेडमध्येच ऑफिसं आणि दुकानं निघाली.

१९९६ मध्ये सरकारने वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, एनटीसीच्या म्हणजे केंद्र सरकारच्या कापड महामंडळाच्या गिरण्यांसाठी. त्यांचं म्हणणं होतं की प्रत्येक गिरणीत वेगळा तुकडा काढत बसू नका, जमिनी एकत्र धरून सलग मोकळी जागा काढा. माझ्या मते सगळ्यात शहाणा प्लॅन तोच होता, आणि अर्थातच तो कागदावर राहिला.

खरा घाव बसला २००१ मध्ये. नियम बदलला आणि वाटणी पूर्ण जमिनीची न राहता फक्त आधीपासून रिकाम्या असलेल्या जागेची झाली, म्हणजे शेड पाडून मोकळी झालेली जमीन मालकाचीच. आता गिरणीत रिकामं असतं किती? चिमणी, खाती, गोदामं, मध्ये थोडं आवार. मैदानाचा वाटा आटला तसा म्हाडाचाही आटला, हे मात्र कुणी बोलत नाही.

बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुप ही पर्यावरण संस्था या बदलाविरुद्ध हायकोर्टात गेली, २००५ च्या ऑक्टोबरमध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला, पण मार्च २००६ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो फिरवला आणि २००१ चा बदल कायम राहिला. म्हाडाने गिरणी कामगारांच्या घरांची पहिली लॉटरी काढली २०१२ मध्ये, आणि आता उरलेल्यांना पार मुंबईबाहेर, कर्जतच्या वाटेवरच्या शेलू-वांगणीची घरं दाखवतायत.